आईशी बोलायला यंत्र आणावे का?



आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरून गाडीने दहाएक मिनिटे गेले की मेन्लो पार्क लागते. माणसाचा आवाज पकडून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ थॉमस एडिसनने १८७७ साली तिथल्या प्रयोगशाळेत तयार केला. पुढे त्याच यंत्राची छोटी आवृत्ती पोटात बसवलेली एक बाहुली त्याच्या कंपनीने १८९० मध्ये विकायला काढली. कळ फिरवली की ती बालगीत म्हणे. आवाज असे कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचा. बाहुली काही टिकली नाही. आतले यंत्र नाजूक, आवाज चिरका, आणि ऐकून मुले खूष होण्याऐवजी घाबरत. काही आठवड्यांतच ती बाजारातून मागे घ्यावी लागली. 'सोबत' म्हणून बोलके यंत्र विकण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक, आणि तो आपल्या न्यू जर्सीतला!

आज तीच कल्पना पुष्कळ सुधारून पुन्हा आपल्या दारात उभी आहे. या वेळी गिऱ्हाईक लहान मूल नाही. आपली आई आहे, बाबा आहेत, आणि आणखी काही वर्षांनी आपण स्वतः. एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी गप्पा मारणारी, औषधांची आठवण करणारी, "आज कसं वाटतंय?" असे विचारणारी यंत्रे अमेरिकेत विकली आणि वाटली जात आहेत. संगणक आता मराठीही बऱ्यापैकी बोलू लागले आहेत, तेव्हा मराठी बोलणारा सोबती-रोबो फार दूर नाही. आपल्यातले कित्येक जण संगणकाच्या व्यवसायात आहेत. ही यंत्रे बनवणारे हात आपल्याच घरातले असू शकतात. म्हणून या विषयावर आपण आधीच नीट विचार केलेला बरा.

आमची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. यंत्राला आमचा विरोध नाही. पण 'आईशी कोण बोलणार?' हा प्रश्नच अर्धवट आहे असे आम्हाला वाटते. खरा प्रश्न 'आईची गरज कोणाला आहे?' हा आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आयसेलिनमध्ये, आणि एकटेपणा?

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. ओक ट्री रोडवर साड्या आहेत, सोन्याची दुकाने आहेत, पटेल ब्रदर्स आहे, चहा आणि चाट आहे. इंग्रजीचा एक शब्द न बोलता अख्खा दिवस काढता येईल असे अमेरिकेत जे मोजके रस्ते आहेत, त्यातला हा एक. पण या रस्त्यापर्यंत पोचायचे कसे, हाच तर प्रश्न आहे. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी दोन मैल म्हणजे दोनशे मैल. जानेवारीत साइडवॉकवर बर्फ साचला की तेवढेही चालणे संपते. मुलगा-सून सकाळी मेट्रोपार्कहून गाडी पकडतात ती संध्याकाळी उशिरा परततात. नातवंडे शाळेत. ही नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात.

इथल्या मराठी ज्येष्ठांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट सहा महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्यांचा. त्यांची बॅग कधी पूर्ण उघडलेली नसते. दुसरा गट मुलांनी ग्रीनकार्डावर कायमचे बोलावून घेतलेल्यांचा. त्यांचा पुण्या-नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिलेला, शेजार सुटलेला, बँकेतले खाते मुलगा बघतो. साधारणपणे पहिली पाच वर्षे त्यांना मेडिकेअर विकत घेता येत नाही आणि मेडिकेडही मिळत नाही. एडिसन-आयसेलिन परिसरात देशी जेवण, कॅरम, भजने आणि ने-आण करणारी व्हॅन यांच्यासह चालणारी 'अ‍ॅडल्ट डे केअर' केंद्रे आहेत. पण ती मुख्यतः मेडिकेडच्या पैशावर चालतात, त्यामुळे नव्याने आलेल्यांना त्यांचे दार बहुधा बंदच असते. तिसरा गट म्हणजे १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इथे आलेली आपली पहिली पिढी. घर स्वतःचे, पेन्शन स्वतःची, इंग्रजी उत्तम. पण जोडीदार गेलेला, मुले कॅलिफोर्नियात, आणि रात्री गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली.

याशिवाय चौथा गट इथे नसूनही आपल्या मनात कायम असतो: मागे राहिलेले आई-बाबा. रविवारी सकाळचा व्हिडिओ कॉल. "आम्ही ठीक आहोत, तू जेवलास का?"

एकटेपणाला हल्ली सरकारेही गंभीरपणे घेऊ लागली आहेत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये त्यावर खास इशारापत्र काढले आणि दीर्घकाळच्या सामाजिक तुटलेपणाची तुलना रोजच्या पंधरा सिगरेटींशी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. म्हणजे हा केवळ आपल्या सुनांचा किंवा मुलांचा दोष नाही. पण उपाय शोधण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते.

दावा आणि पुरावा

आपल्यातल्या अनेकांनी महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीकडून एक सवय उचलली आहे. कोणी गुण आल्याचे सांगितले की विचारायचे: किती जणांना? कोणी मोजले? ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? ही कसोटी बाबा-बुवांना लावायची आणि सिलिकॉन व्हॅलीला सोडून द्यायचे, हा पक्षपात झाला.

आपल्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण घेऊ. तिथल्या वृद्धकल्याण कार्यालयाने २०२२ मध्ये 'एलिक्यू' नावाचे टेबलावर ठेवायचे यंत्र आठशेहून अधिक एकट्या वृद्धांना देण्याचे ठरवले. दिव्यासारखे डोके हलवणारे, शेजारी पडदा असलेले हे यंत्र आपणहून बोलायला सुरुवात करते. पुढच्याच वर्षी कार्यालयाने जाहीर केले, की वापरणाऱ्यांचा एकटेपणा ९५ टक्क्यांनी कमी झाला आणि लोक त्याच्याशी दिवसातून तीसहून अधिक वेळा बोलतात. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तो वापरणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेल्या अनुभवावर आधारलेला आहे. यंत्र न मिळालेल्या तशाच लोकांशी त्यात तुलना नाही. शिवाय यंत्र आले म्हणजे ते बसवायला, शिकवायला, चौकशी करायला माणसेही आली. गुण यंत्राचा किती आणि त्या माणसांचा किती? लोक खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांना बरे वाटले असेलच. पण 'भक्तांना बरे वाटले' एवढ्यावर आपण इतरत्र थांबत नाही, तर इथे का थांबावे?

याच्या उलट 'पारो'ची गोष्ट आहे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी विकसित केलेले हे सीलच्या पांढऱ्या पिलाच्या रूपातले यंत्र. कुरवाळले की डोळे मिटते, हाक मारली की मान वळवते, बोलत मात्र नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास. पारोची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. क्वीन्सलँडमधल्या २८ शुश्रूषागृहांतल्या स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला पारो, दुसऱ्याला तेच सील पण आतले यंत्र बंद केलेले, आणि तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोने रुग्ण अधिक खुलले, अस्वस्थताही काहीशी कमी दिसली. पण यंत्र बंद केलेल्या मऊ खेळण्यापेक्षा पारो फार पुढे गेला नाही. रुग्ण त्याच्याकडे अधिक पाहत आणि अधिक बोलत, एवढाच काय तो ठळक फरक.

म्हणजे निव्वळ थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. मऊ, उबदार, मांडीवर घेता येईल असे काहीतरी मिळाले की थकलेले मन शांत होते. न्यूयॉर्कच्या त्याच कार्यालयाने बॅटरीवर चालणारी, म्याव म्याव करणारी मांजरेही हजारोंनी वाटली आहेत. त्यांची किंमत पारोच्या मानाने नगण्य असते. ऐंशी वर्षांची बाई असे मांजर मांडीवर घेऊन बसली तर आपण हसू नये. तिला ते खोटे आहे हे बहुतेकदा माहीत असते. आपणही नाटक बघून रडतोच की.

कोण कोणाला सांभाळते?

पण पारोच्या यशात एक गोष्ट आहे जी जाहिरातवाले क्वचितच सांगतात. पारो कोणाची काळजी घेत नाही. तो काळजी घ्यायला लावतो. तो रडतो, आणि आजी त्याला थोपटते. आयुष्यभर जिने सगळ्यांना थोपटले, त्या बाईच्या हातांना पुन्हा काम मिळते. या यंत्रापुढे ती रुग्ण नसते, ओझे नसते, आई असते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आई अमेरिकेत कधी येते? बहुतेकदा बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, रात्रीची जागरणे. या दिवसांत तिला एकटेपणा जाणवायला वेळ नसतो, कारण सगळे घर तिच्यावर उभे असते. मग मूल डे केअरमध्ये जाते, किंडरगार्टनमध्ये जाते. सून म्हणते, "आई, तुम्ही आता आराम करा." ती हे मनापासून म्हणते. पण आईच्या कानाला ते निवृत्तीच्या नोटिशीसारखे लागते. भाजी काय करायची हे विचारले जाते, घर कोणते घ्यायचे हे विचारले जात नाही. आणि मग एक दिवस आपण म्हणतो, की ती हल्ली गप्प असते, तिच्याशी बोलायला काहीतरी हवे.

बोलणारे यंत्र या जागी काय करील? ते तिला माहिती देईल, विनोद सांगेल, बातम्या वाचून दाखवील. न कंटाळता तीच गोष्ट दहा वेळा ऐकेल. हा गुण आपल्यापैकी अनेकांत नाही, हे मान्यच करायला हवे! पण ते तिला कधीही म्हणणार नाही, "तुमच्यावाचून माझे अडते." म्हटले तरी ते खोटे असेल, आणि हे तिला कळेल. यंत्राला तिच्या पुरणपोळीची कृती नको असते, तिचा सल्ला नको असतो, तिची ओरड नको असते. ज्या नात्यात आपण फक्त घेणारे असतो त्या नात्याने माणूस मिंधा होतो. आपल्या आईवडिलांना तेवढे तर आपण ओळखतोच.

यंत्राचा मालक कोण?

दुसरा मुद्दा धंद्याचा. एमआयटीच्या सिंथिया ब्रेझील यांनी २०१४ मध्ये 'जिबो' हा घरगुती रोबो मोठ्या गाजावाजात जाहीर केला. तो घरोघरी पोचला २०१७ मध्ये. २०१९ मध्ये त्याचे सर्व्हर बंद होणार असल्याचे जाहीर झाले, आणि जिबोने स्वतःच्याच तोंडाने आपल्या घरच्यांचा निरोप घेतला. 'मॉक्सी' हा लहान मुलांना भावना ओळखायला शिकवणारा रोबो. किंमत होती ७९९ डॉलर. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या कंपनीचा पैसा संपला आणि यंत्र बंद पडणार असल्याचे पालकांना कळवण्यात आले. 'तुझा मित्र आता बोलणार नाही' हे पाच-सात वर्षांच्या मुलाला कसे सांगायचे, हा प्रश्न कंपनीने आईबापांवर सोडला. जपानमध्ये सोनीने 'आयबो' या यांत्रिक कुत्र्याची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबवली, तेव्हा २०१५ मध्ये चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी रीतसर अंत्यविधी झाले.

हे वाचून हसणे सोपे आहे. पण वैधव्यानंतर ज्या बाईने दोन वर्षे एका आवाजाशी रोज तीस वेळा गप्पा मारल्या, त्या बाईच्या आयुष्यातून तो आवाज एका ई-मेलने गेला, तर ते दुसरे वैधव्य ठरेल. शेजारीण गावाला जाते, तर परत येते किंवा निदान फोन करते. कंपनीचे गुंतवणूकदार फोन करत नाहीत.

आणि त्या दिवसाला तीस वेळच्या गप्पांत आई काय काय बोलते? सुनेशी झालेले भांडण, जावयाची नोकरी, गुडघ्याचे दुखणे, बँकेतली ठेव. हे सगळे कुठल्या तरी सर्व्हरवर जाते. आपण स्वतः या व्यवसायात असल्यामुळे 'तुमची माहिती सुरक्षित आहे' या वाक्याचे मोल आपल्याला ठाऊक आहे. तिला नाही. तिच्या वतीने तो करारनामा न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबणारे बोट आपलेच असते.

आजाराला आजार म्हणा

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. एकटेपणा आणि नैराश्य यांचे जवळचे नाते आहे, पण या एकच गोष्टी नव्हेत. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आपल्या समाजात तो अजूनही 'जरा मन लागत नाही', 'हवा मानवत नाही', 'वयाचा परिणाम' अशा नावांनी लपवला जातो. झोप उडते, भूक जाते, देवपूजेतलेसुद्धा मन उडते, आणि आपण फक्त रक्त तपासून आणतो. ठाण्याच्या आय.पी.एच. संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून मराठी माणसाला मनोविकाराबद्दल मराठीत, मोकळेपणाने बोलायला शिकवले. ते शिक्षण विमानात बसताना आपण मागे ठेवून येतो की काय?

मनाबद्दल बोलणारे यंत्र घरात आले, की या लपवाछपवीला नवा पडदा मिळण्याची भीती आहे. "डॉक्टरकडे कशाला, तिला ते यंत्र दिलंय ना." बोलक्या संगणकाची ही मोहिनी नवी नाही. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलिझा' नावाचा अगदी साधा प्रोग्राम लिहिला. तो मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात आपलेच वाक्य प्रश्न करून परत विचारत असे. तो कसा चालतो हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही, त्याच्याशी दोन वाक्ये बोलल्यावर, वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. खासगी बोलायचे होते! वायझेनबॉम पुढे आयुष्यभर या मोहाविरुद्ध लिहीत राहिले. आजची यंत्रे एलिझाच्या शेकडो पट हुशार आहेत, म्हणजे मोहही तेवढाच मोठा. न्यूयॉर्क राज्यात २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या कायद्याने सोबती-संगणकांवर दोन बंधने घातली. समोरचा माणूस जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला तर ते ओळखून मदतीकडे वळवायचे, आणि आपण माणूस नाही हे अधूनमधून सांगायचे. पाऊल योग्य आहे. पण कायद्याची वाट बघण्याआधी एवढे लक्षात असू द्या: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, 'आता जगून काय करायचे' असे उद्गार दिसले, तर यंत्र नको, डॉक्टर हवा. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ हा क्रमांक फिरवावा. दक्षिण आशियाई कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यू जर्सीत 'सॅम्हिन' ही संस्था काम करते, आपली भाषा आणि आपली घरे समजणारे तज्ज्ञ शोधायला तिची मदत होऊ शकते.

मग चालते तरी काय?

उत्तर शोधायला जपानला जावे लागत नाही. गोव्यात ते सापडते. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने आणि डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल प्रभृतींनी एक प्रयोग केला. मनाची उभारी कमी झालेल्या, पण अजून पूर्ण नैराश्यात न गेलेल्या साठीपुढच्या १८१ जणांचे दोन गट केले. एका गटाकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते जात. ते डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञ नव्हते. ते काय करत? अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या हे शिकवत, झोपेच्या सवयी सुधारत, मधुमेहासारखे आजार सांभाळायला मदत करत, सरकारी योजनांचे लाभ मिळवून देत. एका वर्षानंतर या गटात चार जणांना नैराश्याचा आजार झाला. दुसऱ्या गटात तेरा जणांना. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे तुलनेसाठी गट आहे, मोजमाप आहे. आपण मागतो तसा पुरावा आहे.

त्या यादीत एक लक्षात येण्यासारखी गोष्ट आहे. नुसत्या गप्पा तीत नाहीत. कार्यकर्ता येतो आणि अडलेले काम पुढे सरकते. वृद्धांची उदासी पुष्कळदा अशी अगदी ठोस असते: फॉर्म भरता येत नाही, दवाखान्यात जायला कोणी नाही, रात्री लघवीला उठताना पडायची भीती वाटते. आयसेलिनमध्ये या यादीत आणखी दोन ओळी घाला: राइड नाही, आणि हातात स्वतःचे पैसे नाहीत.

महाराष्ट्रातही अशी वाट चालली जाते आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'मानसमित्र' म्हणून साध्या कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचाराचे शिक्षण दिले आहे. अंगात येणाऱ्या बाईकडे बुवा पोचण्याआधी मित्र पोचावा, हा त्यामागचा विचार. मुंबईत २०२२ मध्ये शंतनू नायडू या पुणेकर तरुणाने रतन टाटांच्या पाठबळावर 'गुडफेलोज' सुरू केले, त्यात तरुण पगारी काम म्हणून वृद्धांना सोबत करतात. सोबत विकत का घ्यावी लागते, असे कोणी म्हणेल. पण तो तरुणही काही शिकून, खाऊन, ओरडा ऐकून जातो. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळते.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान, डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले, हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती कानडी बोलते, शास्त्रीबुवांचे पांडित्य तिला कळत नाही, तिच्या घरात खायची भ्रांत आहे. तरी ती त्यांना भरवते. शुश्रूषेचे ओझे शेवटी अशाच बायकांवर येते, तिथे आणि इथेही. आपल्या घरांत आई-बाबांना सांभाळायला येणाऱ्या बहुतेक बायका स्वतः स्थलांतरित असतात. न्यू जर्सीने २०२४ मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला. लेखी करार, विश्रांतीची वेळ, छळापासून संरक्षण त्यात आले. यंत्रासाठी दरमहा वर्गणी भरायला आपण तयार असू आणि या बाईचा तासाचा दर वाढवताना घासाघीस करत असू, तर आपल्या पुरोगामीपणाला काय अर्थ राहिला? जपानच्या शुश्रूषागृहांत राहून अभ्यास केलेल्या जेम्स राइट यांनी २०२३ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की यंत्रांनी कर्मचाऱ्यांचे काम कमी केले नाही, उलट यंत्रे आणणे, लावणे, सांभाळणे, परत ठेवणे हे काम वाढवले. एडिसनच्या बाहुलीत कारखान्यातल्या मुलीचा आवाज होता आणि नाव मात्र एडिसनचे होते. सव्वाशे वर्षांत निदान एवढे तरी बदलायला हवे.

आपण काय करावे?

यंत्र घ्यायचेच असेल तर चार गोष्टी पाहा. पहिली, आईला विचारा. तिच्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल तिला शेवटी कळणे हा आपल्या घरांतला जुना रोग आहे. दुसरी, ते काय वाढवते ते बघा. त्याच्यामुळे तिचे फोन, फिरणे, भेटी वाढल्या तर ठेवा. आपले फोन कमी झाले तर परत करा. तिसरी, कंपनी बुडाली तर काय उरेल ते विचारा. चौथी, ते काय ऐकते आणि कुठे पाठवते ते तिला मराठीत समजावून सांगा, आणि बंद करायची कळ तिच्या हाती द्या.

आणि यंत्राशिवायची कामे? ती स्वस्त आहेत, फक्त वेळ मागतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा 'उत्तररंग' हा ज्येष्ठांसाठीचा उपक्रम आहे, गावोगावची मंडळे आहेत. पण वर्षातून चार कार्यक्रमांनी मंगळवारची दुपार भरून निघत नाही. आयसेलिन-एडिसन-वुडब्रिजमधल्या दहा कुटुंबांनी मिळून आठवड्याच्या राइड वाटून घेतल्या, तर दहा ज्येष्ठ आठवड्यातून दोनदा वाचनालयाच्या शाखेत किंवा रूझवेल्ट पार्कात जमू शकतील. मराठी शाळेला नेहमी शिक्षकांची चणचण असते. ज्यांनी तीस-तीस वर्षे महाराष्ट्रात शाळा चालवल्या ते शिक्षक आपल्याच बेसमेंटमध्ये टीव्ही बघत बसले आहेत. त्यांना बोलवा. 'वेळ घालवायला या' म्हणून नव्हे, 'आमचे अडले आहे, या' म्हणून. प्रवासखर्च द्या, शक्य असेल तिथे मानधन द्या. घरातल्या पैशाच्या, मुलांच्या, जागेच्या निर्णयात त्यांचे मत घ्या, आणि ते पटले नाही तर भांडा. ज्याच्याशी कोणी भांडत नाही त्याला घरात किंमत नाही, हे आपल्या आजीला पक्के माहीत होते.

आपल्या भागात अशी राइडची साखळी उभारायला, किंवा घरातल्या ज्येष्ठांना मराठी शाळेशी जोडून द्यायला जे तयार असतील, त्यांनी या पत्राला जरूर उत्तर पाठवावे. किती गाड्या, कोणता वार, कोणते गाव, एवढेच कळवले तरी पुरे. आणि उत्तर पाठवण्याआधी घरातल्या आई-बाबांना हा लेख वाचून दाखवावा. त्यांचे म्हणणे आमच्यापेक्षा वेगळे असेल, तर ते आम्हाला आधी हवे आहे.